क्लच बदलल्यावर पेडल अर्धं पोकळ, रिव्हर्स खरखरतो – गिअरबॉक्स पुन्हा उतरवायचा का?

काळी_माती (आर्णी, जि. यवतमाळ)
गाडी टाटा सुमो, डिझेल, क्लच हायड्रॉलिक. प्रेशर प्लेट, क्लच प्लेट आणि रिलीज बेअरिंग असा पूर्ण सेट एकाच कंपनीचा टाकला. फ्लायव्हील लेथवर मारलेलं नाही, फक्त घासून पुसलं. पायलट बेअरिंग (फ्लायव्हीलच्या मध्यात गिअरबॉक्सचा शाफ्ट टेकतो ते) जुनंच आहे. गिअरबॉक्स उतरवताना स्लेव्ह सिलिंडरचा, म्हणजे गिअरबॉक्सजवळ क्लच ढकलणाऱ्या सिलिंडरचा, पाइप खोलला नव्हता. सिलिंडर दोन बोल्ट काढून बाजूला लटकवला होता.

आता पेडल अर्ध्यापर्यंत पोकळ जातं आणि क्लच अगदी तळाशी सुटतो. पहिल्या दाबात रिव्हर्स टाकला की खर्रकन आवाज येतो. तेच पेडल दोन-तीनदा पटापट मारलं की वर येतं आणि गिअर गुपचूप पडतो. थोडा वेळ पाय काढून ठेवला की पुन्हा पहिल्यासारखं. ऑइलचा डबा भरलेला आहे, खाली कुठे थेंब दिसत नाही.

मिस्त्रीचं म्हणणं, प्रेशर प्लेट चुकीची आली, गिअरबॉक्स पुन्हा उतरवू. कापसाच्या गाठोड्यांचा हंगाम तोंडावर आहे. उतरवायचा की आधी काही तपासायचं?

वऱ्हाडी_पाना
गिअरबॉक्स उतरवाची घाई करू नका भाऊ. दोन-तीन खेपा दाबल्यावर पेडल वर येते म्हंजे प्रेशर प्लेट आपल्या जागेवर बरोबर हाये. प्लेट चुकीची असती त पंप मारून फरक पडलाच नसता, पहिल्या दाबाले जसं तसंच पाचव्या दाबाले राह्यलं असतं. लाइनीत हवा हाये, नाहीत मास्टरची (पेडलजवळच्या सिलिंडरची) वाटी, म्हंजे आतलं रबरी सील, मागे ऑइल सोडून राह्यली. दोन्ही गोष्टी गिअरबॉक्सच्या बाहेरच्या हायेत. मिस्त्रीले म्हणा आधी स्लेव्हचा रॉड मोजा.

रिलीज_बेअरिंग (वर्धा)
वरच्यांचं बरोबर आहे. रॉड मोजायचा कसा, ते सविस्तर लिहितो, कारण या एका मापावर पुढचं सगळं ठरतं.

गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रलमध्ये, चारही चाकांना दगड, इंजिन बंद. जॅकवर उचलून खाली शिरू नका. उचलावीच लागली तर स्टँड किंवा जाड लाकडी ओंडके लावा. एक जण पेडलवर, एक जण खाली. फोर्कच्या (रिलीज बेअरिंग ढकलणाऱ्या दांड्याच्या) टोकाशी, जिथे स्लेव्हचा रॉड टेकतो तिथे, स्टीलची पट्टी धरा आणि खडूनं खूण करा. पेडल एकदाच, सावकाश, तळापर्यंत दाबायला सांगा. रॉड किती मिमी सरकला ते लिहा. मग पाय काढून पाच मिनिटं थांबा आणि पुन्हा मोजा, म्हणजे पहिलं माप पक्कं होतं. त्यानंतर पटापट चार वेळा दाबून पाचव्या दाबाला धरून ठेवा आणि मोजा.

पहिल्या आणि पाचव्या दाबात फरक मोठा असेल तर हवा किंवा मास्टर. पाचव्या दाबाला पेडल धरून ठेवलं असताना रॉड हळूहळू परत मागे येत असेल तर कुठेतरी गळती आहे. बाहेर थेंब नसेल तर ती मास्टरच्या आत आहे. दोन्ही माप सारखे आणि दोन्ही कमी असतील तर पेडलची बाजू पाहा. मास्टरच्या रॉडची पिन, पेडलचा बुश, ब्रॅकेटला पडलेली चीर, पायाखाली दुमडलेलं मॅट. आणि दोन्ही माप भरपूर असूनही गिअर खरखरत असेल, तरच दोष बेलहाउसिंगच्या (क्लचवरच्या कवचाच्या) आत आहे. गिअरबॉक्स उतरवायचा तो फक्त या शेवटच्या परिस्थितीत.

ट्रॅक्टर_ते_टेम्पो
एवढं कशाला? मास्टरचा रॉड चेकनट सैल करून दोन-तीन आटे लांब करा, पेडल वर येईल. सगळीकडे हेच करतात.

रिलीज_बेअरिंग
असं करू नका, कोणीच करू नका. मास्टरच्या रॉडमध्ये आणि पिस्टनमध्ये थोडी मोकळीक मुद्दाम ठेवलेली असते. पेडल सोडल्यावर पिस्टन पूर्ण मागे आला तरच डब्याकडे जाणारं बारीक भोक उघडतं आणि लाइनीतलं ऑइल डब्यात परत जातं. रॉड लांब करून पिस्टन किंचित आत दाबून ठेवला की ते भोक बंद राहतं. सकाळी गाडी छान चालते. दुपारी इंजिन तापलं, ऑइल फुगलं, त्याला परत जायला वाट नाही, म्हणून ते स्लेव्हचा रॉड बाहेर ढकलतं आणि क्लच अर्धवट दाबलेलाच राहतो. नवीन प्लेट घसरून जळते. आपल्याकडे मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा 45 च्या वर जातो, तिथे ही चूक पहिल्या लांब फेरीतच महाग पडते.

पेडलची लांबी साधारण 5 ते 6 पट काम करते. म्हणजे रॉडवरचा 1 मिमी पायाखाली 5-6 मिमी जाणवतो. हातानं पेडल हलवून सुरुवातीला काही मिमी हलकी ढिलाई जाणवलीच पाहिजे. ती नसेल तर रॉड आधीच जास्त लांब आहे.

कोणी रॉड लांब केला आहे की नाही हे ओळखायचं असेल तर गाडी तापू द्या. पेडलला हात न लावता स्लेव्हचं निपल (हवा काढायचा स्क्रू) पाव आटा उघडा. ऑइल थुंकल्यासारखं उडालं तर लाइनीत दाब अडकला आहे. नुसतं ओघळलं तर ठीक.

काळी_माती
रॉड मोजला. पहिल्या दाबाला 8 मिमी, पाच मिनिटांनी पुन्हा 8. पाचव्या दाबाला 14. धरून ठेवल्यावर रॉड तिथेच, मागे येत नाही. पेडलला सुरुवातीची ढिलाई आहे, चेकनटला कोणी हात लावलेला दिसत नाही, त्यावर जुनी धूळ तशीच आहे.

वऱ्हाडी_पाना
मंग झालं की. 8 चे 14 म्हंजे हवाच. धरल्यावर मागे येत नाही म्हंजे मास्टर सध्या त बरा दिसते. हवा काढा.

आता पाइप न खोलता हवा शिरली कशी, त सांगतो. स्लेव्ह लटकवून ठेवला आन् तेव्हढ्यात कोणी पेडलवर पाय ठेवला, का पिस्टन तोंडापाशी येते. कधी पुरा बाहेरच निघते. पोरगं तो हातानं आत दाबून देते, त्याच्यासंगं हवा जाते आन् वाटीले माती लागते ते वेगळंच. रबराची टोपी काढून आत ओलं हाये का, हे पाह्यल्याशिवाय हवा काढाले बसू नका.

निपल_ढिलं (परतवाडा)
हवा काढण्याची पद्धत लिहितो. घाईत हीच गोष्ट बिघडते.

ब्रेक ऑइलची सीलबंद बाटली घ्या. डब्याच्या झाकणावर डॉट 3 लिहिलं असेल तर डॉट 3 किंवा डॉट 4 दोन्ही चालतात, डॉट 4 लिहिलं असेल तर डॉट 4 च. डॉट 5 हे सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळायचं नाही. अर्धा लिटर पुरून उरतं. उघडून ठेवलेली जुनी बाटली नको, हे ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. कोरडं डॉट 3 कमीत कमी 205 अंशांना उकळतं. पाणी शोषलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा 140 वर येते. इंजिन ऑइल, गिअर ऑइल, पॉवर स्टिअरिंगचं ऑइल यांचा एक थेंबही नको. त्यानं रबराच्या वाट्या फुगतात आणि मग मास्टर-स्लेव्ह दोन्ही जातात.

डब्याभोवतीची माती आधी पुसा, मगच झाकण उघडा. जुनं काळं ऑइल सिरिंजनं ओढून घ्या, नवीन भरा. निपलची टोपी काढून तोंड तारेच्या ब्रशनं साफ करा, रिंग पाना आधी घाला, मग त्यावर पारदर्शक नळी. मेडिकलमधून नवीन सलाईनची नळी आणली तर निपलवर घट्ट बसते. नळीचं दुसरं टोक बाटलीत, थोड्या ऑइलमध्ये बुडालेलं. नळी निपलपासून आधी वर जाऊन मग खाली यावी, म्हणजे बुडबुडा निपलकडे परत येत नाही.

आता पेडलवाल्याला सांगा: सावकाश दाब, तळाशी धर, "धरलं" म्हण. खालच्यानं निपल पाव ते अर्धा आटा उघडायचं. ऑइल आणि बुडबुडे बाहेर येतील, पेडल जमिनीला टेकेल. निपल बंद. बंद झाल्यावर खालच्यानं "सोड" म्हणायचं, तेव्हाच पाय वर. हा क्रम चुकला, पेडल आधी सुटलं, तर जेवढी हवा काढली तेवढी आट्यांतून परत आत. पेडल धपाधप मारू नका, मोठा बुडबुडा फुटून त्याचे बारीक होतात आणि ते निघता निघत नाहीत. दर चार-पाच दाबांनी डबा पाहा. ऑइल तळाच्या भोकापर्यंत उतरलं की सगळं पहिल्यापासून.

ऑइल स्वच्छ, बुडबुड्यांशिवाय यायला लागल्यावरही आणखी पाच-सहा दाब मारा. शेवटी निपल मनगटाच्या जोरानं घट्ट करा, पान्यावर पाइप चढवून नाही. बारीक असतं, तुटलं की सिलिंडरच बदला.

दोघांपैकी एकच माणूस हाताशी असेल तर डबा भरून, झाकण सैल ठेवून, निपल उघडून नुसतं ठिबकू द्या. अर्धा तास लागेल पण बरीचशी हवा आपोआप निघते. डब्यावर मात्र डोळा हवा.

आणि बसवलेल्या अवस्थेत निपल सिलिंडरच्या सगळ्यात वरच्या बाजूला येतं का, तेही बघा. हवा वर राहते. निपलच्या वर पोकळी उरत असेल तर स्लेव्ह खोला, रॉड तारेनं बांधून पिस्टन आत दाबून ठेवा, निपल आकाशाकडे करून हवा काढा, मग बसवा. पिस्टन बांधल्याशिवाय कोणी पेडलला पाय लावायचा नाही.

ऑइल रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाणी ओता, नुसतं पुसून भागत नाही. रंग उचलतं.

दोन_एकर_सोयाबीन
मध्येच विचारतो. माझी अल्टो आहे, केबलचा क्लच. सेट नवीन टाकल्यावर पेडल खूप जड झालं. हवा काढायला तर यात काही नाही. काय बघू?

रिलीज_बेअरिंग
नवीन सेटनं पेडल आधीपेक्षा हलकं व्हायला हवं. प्लेट झिजत गेली की डायफ्रामची (प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगची) बोटं गिअरबॉक्सकडे उठतात आणि पेडल जड होत जातं. नवीन प्लेटवर ती पुन्हा खाली बसतात. जड झालं म्हणजे अडथळा दुसरीकडे. केबलचं खालचं टोक फोर्कच्या आर्मवरून सोडा आणि पेडल हातानं दाबा. तरीही जड लागलं तर केबल. आतल्या तारा उसवल्यात, किंवा गिअरबॉक्स चढवताना तिला मोड पडलाय, किंवा जुन्या मार्गानं न नेता इंजिनाच्या माउंटिंगखालून ओढलीय. केबल सोडल्यावर पेडल हलकं आणि आर्म हातानं हलवताना करकरतो, तर रिलीज शाफ्टचे बुश कोरडे आहेत. तिथे ग्रीस लागतं, आणि ते काम गिअरबॉक्स खाली असतानाच नीट होतं.

केबल नवीन टाकली तर आर्मवर साधारण 2 ते 4 मिमी ढिलाई ठेवा. ढिलाई शून्य ठेवून "पेडल वर आलं" म्हणून खूश होऊ नका, बेअरिंग सतत फिरत राहतं आणि प्लेट घसरायला लागते. केबलवाल्या गाडीत क्लच बदलल्यावर ढिलाई आपसूक वाढते, कारण बोटं बेअरिंगपासून लांब जातात. म्हणून जुन्या नटाच्या खुणेवर नट ठेवून चालत नाही, नव्यानं मोजायचा.

काळी_माती
हवा काढली. पहिल्या तीन-चार दाबांत नळीत पांढरा फेस आला, मग स्वच्छ. आता पहिल्या दाबालाच 14 मिमी, रिव्हर्स आवाजाशिवाय पडतो. पण स्लेव्हच्या रबरी टोपीची कड उचलली तर आत ओलसर आहे. गळून खाली पडत नाही, बोटाला लागतं एवढंच. सिलिंडर क्लचच्या कामाआधी पूर्ण कोरडा होता, मग आताच कसा?

रिलीज_बेअरिंग
हे नेहमी होतं आणि त्याला कारण आहे. झिजलेल्या प्लेटवर बोटं गिअरबॉक्सकडे आलेली असतात, फोर्क स्लेव्हचा पिस्टन आत खोल ढकलून ठेवतो. कित्येक वर्षं वाटी सिलिंडरच्या आतल्या भागातच पुढे-मागे होते. तोंडाकडचा भाग वापरात नसतो, तिथे ओल, धूळ आणि गंज बसतो. नवीन प्लेट आली की बोटं फ्लायव्हीलकडे जातात, पिस्टन बाहेर सरकतो आणि वाटी थेट त्या खरखरीत पट्ट्यावर घासू लागते. काही दिवसांत कड कापली जाते.

म्हणून आज 14 मिमी आहे, पण ही ओल वाढणार. डबा दोन दिवसांआड पाहा आणि वेळ मिळताच स्लेव्ह काढा. पिस्टन काढून सिलिंडरच्या तोंडाशी करंगळीचं नख फिरवा. नख कुठे अडलं तर फक्त वाट्यांचं किट टाकून उपयोग नाही, पूर्ण सिलिंडर बदला. पॉलिश पेपरनं खड्डा जात नाही, उलट भोक मोठं होतं. नख अडत नसेल तर किट पुरेल. वाट्या आणि सिलिंडर ताज्या ब्रेक ऑइलनंच धुवा, पेट्रोल-डिझेल रबराला लावू नका. वाटी बसवताना ऑइल लावून, ओठ ऑइलच्या बाजूला.

वऱ्हाडी_पाना
संगं रबरी होज बी पाहून घेजा. पेडल दाबलं का होज एखाद्या जागी फुगते का, हात लावून समजते. फुगत असन त पेडल नेहमी मऊच राहीन, कितीबी हवा काढा. गाडी जुनी असन त होज बदलूनच टाका, स्लेव्ह खोललाच हाये त डबल मेहनत नाही.

धारणी_घाट
माझा मुद्दा गिअरबॉक्सच्या आतल्या दोषांबद्दल. धाग्यात सगळे "उतरवू नका" म्हणतात ते या गाडीपुरतं योग्य आहे, पण ज्यांच्याकडे रॉड पूर्ण सरकतो आणि तरी क्लच सुटत नाही, त्यांनी काय समजायचं तेही लिहायला हवं.

आधी खात्री करा. इंजिन चालू, पेडल तळाशी धरून पाच सेकंद थांबा, मग रिव्हर्स. प्लेट खरोखर सुटत असेल तर तेवढ्यात ती थांबते आणि आवाज येत नाही. थांबूनही खरखर आली तर प्लेट ओढली जात आहे. इंजिन बंद असताना सगळे गिअर लोण्यासारखे पडतात आणि चालू केल्यावर अडतात, हीसुद्धा तीच खूण. इंजिन बंद असतानाही अडत असतील तर क्लचला दोष देऊ नका, गिअरची लिंकेज बघा.

आता कारणं. आपल्या गावाकडच्या कामात सगळ्यात जास्त दिसणारं म्हणजे वाकलेली प्लेट. गिअरबॉक्सचा जॅक नसतो, दोघे-तिघे खालून हातांनी किंवा वरून दोरीनं उचलतात, शाफ्ट प्लेटच्या हबमध्ये शिरतो आणि मग बोल्टची भोकं जुळेपर्यंत सगळं वजन त्या हबवर लटकतं. प्लेट एक मिमी जरी वाकली तरी ती कुठेतरी फ्लायव्हीलला घासतच राहते. उपाय इतकाच की शाफ्ट शिरल्यापासून दोन बोल्ट लागेपर्यंत वजन खालून धरलेलं असलं पाहिजे. बोल्ट ओढून गिअरबॉक्स जवळ आणायचा नाही. हातानं टेकला नाही तर प्लेट मध्यभागी नाही. जुना इनपुट शाफ्ट घालून पुन्हा सेंटर करा.

दुसरं, प्लेट उलटी. सहसा स्प्रिंगचा फुगीर भाग गिअरबॉक्सकडे असतो, प्लेटवर बाजू छापलेलीही असते. उलटी बसली की हब फ्लायव्हीलच्या बोल्टांना टेकतो.

तिसरं पायलट बेअरिंग. ते जाम झालं की पेडल कितीही दाबा, इंजिन शाफ्टला सोबत फिरवतंच. सेटच्या मानानं किंमत किरकोळ, तरी लोक जुनंच ठेवतात, याचं मला खरंच वाईट वाटतं. धागा काढणाऱ्यांनीही जुनंच ठेवलंय. आता त्यासाठी उतरवू नका, पण पुढच्या वेळी विसरू नका.

ग्रीसबद्दल. शाफ्टच्या खाचांवर मटकीच्या दाण्याएवढं ग्रीस पसरून पातळ थर, प्लेट हातानं पुढे-मागे सरकवून बाहेर आलेलं पुसून टाका. कोरड्या खाचांवर प्लेट अडकते, जास्त ग्रीस उडून फेसिंगवर (प्लेटच्या घासणाऱ्या अस्तरावर) जातं आणि मग गाडी उचलताना थरथरते. तेलकट झालेलं फेसिंग धुऊन परत वापरता येत नाही.

फ्लायव्हील लेथवर मारताना एक पथ्य. चेहरा जेवढा कापला तेवढी प्रेशर प्लेट इंजिनाकडे सरकते आणि बेअरिंगपासूनचं अंतर वाढतं. ज्या फ्लायव्हीलला पायरी असते त्याची पायरीही तेवढीच कापावी लागते, नाहीतर प्लेटवरचा दाब कमी पडतो. कव्हरचे बोल्ट समोरासमोर, एकेक आटा. एका बाजूनं आवळत गेलात तर बोटं वरखाली राहतात आणि पेडल पायाखाली धडधडतं.

ट्रॅक्टर_ते_टेम्पो
रॉड लांब करण्याचा सल्ला मागे घेतो. भोक बंद राहतं हे पटलं. ज्यांच्या गाडीत आधीच कोणी लांब केलाय त्यांनी किती मागे घ्यावा?

रिलीज_बेअरिंग
चेकनट सैल करून रॉड थोडा थोडा आत फिरवा. पेडल हातानं हलवल्यावर पिस्टनला टेकण्याआधीची ढिलाई जाणवली की थांबा. नेमका आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलचा घ्या. मग चेकनट घट्ट, आणि गाडी तापवून निपलची तीच परीक्षा. प्लेट घसरते का ते रस्त्यावर पाहायचं असेल तर टॉप गिअरमध्ये 40 च्या वेगाला एकदम पूर्ण रेस द्या. इंजिनाचा आवाज चढला आणि गाडी तेवढी पळाली नाही तर घसरते.

काळी_माती
स्लेव्ह काढला. तोंडापासून आत साधारण बोटाच्या पेराएवढ्या अंतरात नख अडतं, करडे डाग आहेत. नवीन सिलिंडर आणि होज यवतमाळहून आणून टाकले, निपल वर करून हवा काढली. पहिल्या दाबाला 15 मिमी, पाचव्यालाही 15. टोपीच्या आत कोरडं. पेडल अर्ध्याच्या थोडं वर सुटतं. गिअरबॉक्स उतरवला नाही. आता कापूस भरायला हरकत नाही ना?

निपल_ढिलं
पहिले 400-500 किमी पूर्ण भार नको, आणि चढावर क्लचवर गाडी धरून ठेवू नका. फेसिंग बसेपर्यंत ते लवकर तापतं. शेतातून भरलेली गाडी काढताना चाक काळ्या मातीत रुतलं तर अर्धा क्लच धरून झटके देऊ नका, आधी चाकाखाली पऱ्हाटी टाका. तेवढं अंतर झाल्यावर रॉड पुन्हा एकदा मोजा, टोपी उचलून पाहा आणि डब्यातली पातळी आज जिथे आहे तिथे खडूची रेघ मारून ठेवा.